रतिलालची मांडी

नर्मदाबाईच्या नातवानं रतिलालच्या तोंडाकडे पाहिलं, श्वास आत ओढला, आणि तो पुन्हा बाहेर सोडायचा असतो हे विसरूनच गेला. आधी लाल झाला, मग जांभळा झाला, आणि रतिलाल त्याला हातातल्या सायकलच्या सीटसारखा उलटा करून बघणार एवढ्यात त्यानं असा काही टाहो फोडला, की जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाडीचे बैलसुद्धा मान वळवून दुकानात बघायला लागले. झालं होतं एवढंच, की शेजारच्या चहाच्या टपरीवर नर्मदाबाईचं दूध उतू जायला लागलं होतं. तिनं "जरासा धर रे" म्हणून पोर रतिलालच्या मांडीवर टाकलं आणि ती पळाली. दूध वाचलं. पदराला हात पुसत ती परत आली आणि तिनं नातवाला उचललं, तसा तो खांद्यावर टेकता टेकताच गप्प झाला, अगदी नळ बंद करावा तसा. रतिलालला खरं लागलं ते हेच. आणखी दोन हुंदके देऊन गप्प झाला असता तर त्याचं काय जाणार होतं? नर्मदाबाईनं रतिलालला एकदा वरून खाली न्याहाळलं. सदऱ्याचं बटण तुटलंय हे जसं सांगावं तसं, मनात काही न ठेवता ती म्हणाली, "तुले मांडीच नही रे, रतिलाल." आणि चहा गाळायला गेली.

मिरचीमुळे रडलं असेल, असं रतिलालनं स्वतःला समजावलं. माघ महिन्यात नंदुरबारात मिरच्या वाळायला पडतात तेव्हा स्टेशन रोडवर मोठी माणसंही डोळे पुसत हिंडतात, तिथे लेकराची काय कथा! पण तेच लेकरू आजीच्या खांद्यावरून त्याच मिरचीतून त्याच्याकडे बघून बोळकं पसरून हसत होतं. रतिलालनं शिलाईच्या मशीनवरची सीट बाजूला ठेवली आणि मान खाली घालून आपल्या मांडीकडे पाहिलं. सबंध आयुष्यात तिच्याकडे असं लक्ष देऊन बघायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. दोन मांड्या होत्या, नव्हत्या असं नाही. पण त्या दोन वेगवेगळ्या होत्या, एकमेकींशी भांडण झाल्यासारख्या. मधे फट होती, आणि फटीतून स्टुलाची फळी दिसत होती. त्याला हसू आलं आणि लगेच रागही आला. निम्मं गाव त्यानं शिवलेल्या बैठकीवर बसत होतं. टांग्याच्या गाद्या त्याच्या, सायकलींच्या सीटची कव्हरं त्याची, टॉकीजमधल्या बाल्कनीच्या खुर्च्यांची फाटकी कातडी त्यानं बदललेली. रूपसिंगच्या ट्रकची सीट तर अशी झाली होती, की रूपसिंग म्हणायचा, घरच्या खाटेपेक्षा इथेच झोप लागते. आणि या अशा माणसाला बसायला जागा नाही म्हणजे काय! जागा द्यायचा तर त्याचा धंदाच होता.

त्याच्या मामाला मात्र मांडी होती. ती आठवली की रतिलालला अजून वेलदोड्याचा वास येई, कारण मामाच्या बंडीच्या खिशात वेलदोडे असत. मामा ओट्यावर पाय दुमडून बसला की त्याच्या धोतराचा दोन्ही गुडघ्यांमध्ये खोलगट पाळणा व्हायचा. त्यात एका वेळी रतिलाल, शेजारचं एखादं पोर आणि वेळ पडली तर मांजरही मावायचं. मामा कुणाला हाक मारून बोलवत नसे, पोरं आपली चालत जाऊन पडायची. त्या खोलगटात पडलं की वर मामाची हनुवटी आणि तिच्यापलीकडे घराचा वासा दिसायचा, आणि मामा कुणाशी तरी केळीच्या खोडांबद्दल बोलत असला की त्याचा आवाज कानातून न येता पाठीतून यायचा. रतिलालनं विचार केला, हे सगळं धोतराचं होतं. पँट आली आणि माणसाची मांडी गेली. पँटीत नुसते दोन पाय राहतात. आपण शहरात दुकान टाकलं, पँट घालायला लागलो, तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. या शोधानं त्याला बराच धीर आला. मग त्याला आठवलं की नर्मदाबाईचा मुलगा पोलिसात आहे, दिवसभर पँटीतच असतो, आणि हेच पोर त्याच्या कडेवरून खाली उतरत नाही. धीर आला तसा गेला.

एरवी तो हे सगळं दोन दिवसांत विसरला असता. पण संध्याकाळी रूपसिंगनं दुकानासमोर ट्रक उभा केला आणि खिडकीतूनच ओरडला, "ए रतिलाल, तुन्ही बहीननं सांगेल शे, पुढला बेस्तवारले उष्टावन शे. मामाले येवानंच पडी." रतिलालनं मान डोलावली. कोकिळा त्याची धाकटी बहीण. तापीपलीकडे दिलेली, केळी-कापसाच्या मोठ्या घरात. तिच्या पहिल्या मुलाला सहावा महिना लागला होता. त्याला मामानं मांडीवर घ्यायचं, चांदीच्या रुपयानं खिरीचा पहिला घास चाटवायचा, आणि मग भावकी जेवायला बसणार. सगळं ठीक होतं. पण रूपसिंग गिअर टाकता टाकता पुढे म्हणाला, "आनि तिन्ही सासू म्हनस, पोऱ्या रडना ते धुडकूनी मांडीवर बठाडसूत." आणि खांडबाऱ्याच्या दिशेनं धुरळा उडवत निघून गेला.

धुडकू त्याचा चुलतभाऊ. चार पोरांचा बाप. गावीच राहिलेला, शेती धरून बसलेला, आणि बसायचं म्हटलं तर असा बसणारा, की दोन माणसांची जागा भरून निघे. कुणाचंही पोर रडायला लागलं की "धुडकूकडे द्या" असं घरातले म्हणत, आणि धुडकूकडे गेलं की ते झोपत असे. कधी कधी धुडकूही झोपत असे. रतिलालचा त्याच्यावर राग नव्हता. पण मामा म्हणून धुडकू बसला असता, तर मग रतिलाल कोण उरला असता? घरातल्या कुणालाही रतिलालचं शहरात जाणं पटलं नव्हतं. शेतकऱ्याच्या पोरानं लोकांच्या बुडाखालच्या गाद्या शिवाव्यात, हे वडील अखेरपर्यंत बोलून दाखवत होते. एकटी कोकिळा, परकर नेसायच्या वयापासून, जो येईल त्याला "मन्हा दादा नंदुरबारमा शे" असं सांगत सुटायची, जणू नंदुरबार म्हणजे दिल्ली आणि दादा तिथला कुणी कारभारी. सासरीही ती तेच सांगत असणार. आणि त्या सासरच्या भरल्या ओसरीत पोर एकदा दादाच्या तोंडाकडे बघणार, श्वास रोखणार, जांभळं होणार. मग तिची सासू भिकुबाई हात पुढे करून पोर उचलणार आणि धुडकूच्या मांडीवर ठेवणार, आणि तिथे ते गप्प होणार. रतिलालला हे सगळं अगदी स्पष्ट दिसलं. कोकिळा काही बोलणार नाही. ती फक्त खाली बघेल. तिनं खाली बघू नये, एवढंच त्याला हवं होतं.

त्यानं सराव सुरू केला. बाजारातून लाल भोपळ्याचं एक डांगर आणलं, चांगलं लेकराच्या वजनाचं. वडिलांचं जुनं धोतर पेटीतून काढून नेसला, दुकानाच्या मागच्या खोलीत सतरंजीवर पाय दुमडून बसला आणि डांगर मांडीवर घेतलं. डांगर रडलं नाही. पण गुडघ्यावरून घरंगळत कोपऱ्यात जाऊन थांबलं. पुन्हा घेतलं. या खेपेला त्यानं दोन्ही हातांनी ते असं घट्ट धरलं, की डांगर असल्यामुळेच वाचलं. त्याच्या लक्षात आलं की आपण श्वास रोखून बसलो आहोत, अगदी नर्मदाबाईच्या नातवासारखा. म्हणजे हे पोरांकडून आपल्याकडे येतं की आपल्याकडून पोरांकडे जातं? हा विचार त्याला मुळीच आवडला नाही. तो उठला, तसं धोतर सुटलं.

त्या सुटलेल्या धोतराचा घोळ आवरताना त्याला मडमेची पिशवी आठवली. मागे एकदा मिशनच्या दवाखान्यातली एक मडम दुरुस्तीला एक कापडी वस्तू घेऊन आली होती. जाड कापडाची पिशवी, तळाला दोन भोकं, वर लांबलचक बंद. तळाला भोकं असलेली पिशवी कुणी का वापरावी, हे रतिलालला कळेना. त्यानं तत्परतेनं दोन्ही भोकं शिवून टाकली आणि दुरुस्ती झाली म्हणून सांगितलं. मडम हसून हसून बेजार झाली. मग तिनं त्याच्या दुकानातल्या खुर्चीच्या पाठीला ती पिशवी बांधून दाखवली: यात पोराला बसवायचं, भोकांतून पाय बाहेर, बंद मागे आवळायचे, की पोर मोठ्या माणसासारखं खुर्चीत बसून जेवतं. घडी केली की झोळ्यात मावतं, कुठंही न्यावं. तेव्हा रतिलालला वाटलं होतं, काय लोक आहेत, पोराला घ्यायला घरात एक मांडी मिळू नये! आता धोतराचा सोगा हातात धरून, उघड्या पायांनी मागच्या खोलीत उभा असताना, त्याला त्या लोकांचं शहाणपण पटलं.

पुढचे दिवस टांग्याच्या गाद्या तशाच पडून राहिल्या. ट्रकच्या सीटमधून उरलेलं निळं रेक्झिन आत, बाहेरून तंबूचं कॅनव्हास, मधे जिनिंगमधून आणलेली पिंजलेली रुई. पाठीला उंच टेका, काखेखाली मऊ गुंडाळी, पायांच्या भोकांना दुहेरी पट्टी. बंद त्यानं घोड्याच्या साजाचे घेतले, कारण ताण पडला तर तुटता कामा नयेत. शिवताना त्याला बरं वाटत होतं, फार दिवसांत नव्हतं तसं. टाका कुठं दुहेरी घ्यायचा, शिवण कुठं आत दुमडायची म्हणजे लेकराच्या मांडीला काचणार नाही, हे त्याला विचार न करता कळत होतं, आणि मग मधेच मनात येई की ज्या पोराला हात लावायची आपल्याला भीती वाटते, त्याच्या मांडीची आपण एवढी काळजी करतो आहोत. हे पोरासाठी आहे की आपल्या तोंडासाठी? त्यानं मशीन जोरात चालवलं, म्हणजे हा प्रश्न ऐकू येऊ नये. तयार झाल्यावर त्यानं ती बैठक दुकानातल्या खुर्चीला बांधली आणि तिच्यात डांगर बसवलं. डांगर ऐटीत बसलं. स्टेशनवरून येणारी-जाणारी माणसं थांबायला लागली. "डांगरले काय व्हयनं रे? ताप ऊना का?" कुणीतरी विचारलं. नर्मदाबाईनं येऊन सगळीकडून चाचपून पाहिलं. "चांगलं शे," ती म्हणाली, "पन हाई मांडी नही." मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं त्या दिवशीच्या चहाचे पैसे घेतले नाहीत.

गुरुवारी तो रूपसिंगच्या ट्रकमधून निघाला. बैठकीची घडी घालून ती त्यानं मांडीवर धरली होती. प्रकाशा गावाजवळ तापी ओलांडताना पाणी खाली संथ चकाकत होतं, दोन्ही तीरांना केळी हिरव्यागार उभ्या होत्या, आणि रतिलालला वाटत होतं, ट्रक इथेच बंद पडावा. टायर फुटला तरी चालेल. रूपसिंग मात्र सीटच्या आरामामुळे खुशीत होता आणि त्यानं ट्रक असा हाकला, की ते वेळेच्या कितीतरी आधी दारात पोचले.

ओसरी भरली होती. आत तुरीचं वरण आणि तुपात तळलेल्या बट्ट्यांचा वास सुटला होता. धुडकू आधीच पोचला होता आणि भिंतीला टेकून ऐसपैस बसला होता. त्याच्या मांडीवर कुणाचं तरी एक पोर झोपलेलंही होतं. कोकिळा जरीकाठाच्या साडीत बाहेर आली. रतिलालला बघून तिचं तोंड असं उजळलं, की त्याला आपल्या झोळ्यात लपावंसं वाटलं. त्यानं घाईघाईनं घडी उलगडली. घरातली एकुलती एक खुर्ची मागवली, पाठीला बंद बांधले आणि घसा खाकरून, ग्राहकाशी बोलावं तशा आवाजात सांगितलं की भाच्यासाठी खास बैठक आणली आहे, शहरात हल्ली असंच करतात, पोराची पाठ ताठ राहते. बायका जवळ आल्या, बोटं लावून बघायला लागल्या. एकीनं भोकांत हात घालून पाहिला. कौतुक होतंय असं वाटेपर्यंत भिकुबाई पुढे आली. ती कमरेत वाकलेली होती, पण आवाज ताठ होता. तिनं खुर्चीला एक फेरी मारली आणि विचारलं, "मामा कोनता व, सूनबाई? हाऊ, का ती खुर्ची?"

ओसरी हसली. धुडकूही हसला, बिचारा कसलंही वाईट मनात न आणता, आणि मांडीवरचं पोर बाजूला निजवून सरसावून बसला. रतिलालच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. काही बोलावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. रेक्झिन धुता येतं, एवढंच त्याला आठवलं, आणि ते त्यानं सांगितलं. आणखी हशा झाला. तेव्हा त्यानं कोकिळाकडे पाहिलं. ती खाली बघत होती. जे टळावं म्हणून एवढी रुई, एवढं कॅनव्हास खर्ची पडलं, तेच झालं होतं, आणि ते पोरानं केलं नव्हतं, त्यानं स्वतःच केलं होतं.

मग कोकिळा वर बघून म्हणाली, "बठ दादा. खुर्चीवर बठ." तिचा आवाज लहानपणी पतंग मागायची तसा होता, म्हणजे नाही म्हणायची सोय नव्हती. रतिलाल बसला. तिनं खुर्चीच्या पाठीचे बंद सोडले, बैठक त्याच्या छातीशी धरली, एक बंद त्याच्या मानेमागून नेला, दुसरा कमरेमागून, आणि खुर्चीच्या पाठीसकट त्याला असं आवळलं, की त्याच्या तोंडून हुंकार निघाला. "आते देखा," ती सगळ्यांना म्हणाली, "मामानी मांडी बी शे आनि शहरनी बैठक बी शे." तिनं पोर आणलं, भोकांतून पाय काढले, आणि ते ऊबदार, तेल लावलेलं वजन रतिलालच्या पोटावर विसावलं. ते डांगराच्या वजनाचंच होतं, पण डांगरासारखं अजिबात नव्हतं.

पोरानं मान वर केली आणि मामाच्या तोंडाकडे पाहिलं. श्वास आत ओढला. भिकुबाईचे हात पदराबाहेर आले. रतिलालला पळून जाता येत नव्हतं, उठता येत नव्हतं, साधं मागे सरकताही येत नव्हतं. साजाचे बंद होते, आणि ते त्यानंच शिवले होते. भीतीनं त्याचे पाय लटपटायला लागले. थांबवायला गेला तसे जास्तच लटपटले, आणि मग, मशीनवर बसून काढलेल्या इतक्या वर्षांच्या सवयीनं, ते लटपटणं आपोआप तालावर आलं. टाच खाली, चवडा खाली, टाच खाली, चवडा खाली. पोर वरखाली होऊ लागलं. रोखलेला श्वास हळूच सुटला आणि त्याचा आवाज झाला, "हं-हं-हं-हं". मशीनच्या तालावरचा स्वतःचाच आवाज ऐकून ते चकित झालं. पुन्हा काढून पाहिला. कोकिळानं चांदीचा रुपया खिरीत बुडवून दादाच्या हातात दिला. त्यानं पायाची गती न मोडता तो पोराच्या ओठाला लावला, कारण गती मोडली तर शिवण बिघडते. पोरानं खीर थुंकली, मग थुंकलेलीच चाटली, आणि आणखी मागितली. बायकांनी कलकलाट केला. भिकुबाईचे हात पदरात परत गेले.

यानंतर पानं मांडली गेली आणि रतिलालला सगळे विसरले. ओसरीत भुरके सुरू झाले, बट्टी कुस्करल्याचा, तुपाची धार पडल्याचा आवाज येऊ लागला. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. गाठी पाठीमागे होत्या, हात पोचत नव्हता. पोराचं डोकं त्याच्या छातीवर कलंडलं होतं, लाळेनं सदरा भिजला होता, आणि थोड्या वेळानं एक ऊब मांडीवर पसरत गेली तेव्हा त्याला कळलं की पायांच्या भोकांपाशी रेक्झिन कमी पडलं आहे. उजवा पाय बधिर झाला होता. तो डाव्यानं मशीन चालवत राहिला. कुणाला हाक मारावी असं त्याच्या मनात आलं आणि तसंच गेलं. त्या केसांना तेलाचा आणि दुधाचा वास येत होता. त्याला वाटलं, आपण आता काही बोललो तर याला आपला आवाज पाठीतून ऐकू जाईल. काय बोलावं ते मात्र सुचेना. म्हणून त्यानं हळूच सांगितलं, की टांग्याच्या गाद्या अजून व्हायच्या आहेत.

हात धुऊन, ढेकर देत धुडकू आला आणि झोपलेल्या पोरावर वाकला. "जपना का? दे इकडे, मी लेस. तू जेवी ले," तो म्हणाला आणि त्यानं आपले ते मऊ, रुंद, विश्वासाचे हात पुढे केले.

"हात लावू नको!" रतिलाल म्हणाला.

म्हणाला नाही, ओरडला. आपल्यात असा आवाज आहे हे त्याला माहीत नव्हतं. पंगतीतले घास वाटेतच थांबले. पोर दचकून जागं झालं, त्यानं मामाच्या तोंडाकडे पाहिलं, श्वास आत ओढला, लाल झालं, जांभळं झालं, आणि भरल्या ओसरीत, सगळ्या भावकीसमोर, गाव गोळा व्हावं असा टाहो त्यानं फोडला. धुडकूचे हात तसेच पुढे राहिले. दोघीतिघी बायका उष्ट्या हातांनी उठायला लागल्या.

"बठा," भिकुबाई पानावरून मान वर न करता म्हणाली. "मामानीच मांडीवर रडी ऱ्हायना ना? रडू द्या मंग."

बायका बसल्या. धुडकू पानसुपारी शोधायला गेला. पोर रडत होतं, आणि रतिलाल, घामाघूम, भिजलेला, भुकेला, दोन्ही पायांनी मशीन चालवत होता.